पीएचा शुक्रवार

सकाळी 6.10
पहिला फोन. "पाणी आलंच नाही अजून." काल गुरुवार होता, दुरुस्तीसाठी पाणी बंद. महापालिकेच्या पत्रकात शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठा उशिरा व कमी दाबाने होईल. ते पत्रक यानेच परवा प्रभागातल्या सगळ्या ग्रुपवर टाकलं होतं. तरी फोन येतातच. तो वैतागत नाही. "येईल मावशी, पण बारीक येईल. आधी पिण्याचं भरून घ्या." असे आठ-दहा फोन तो दात घासता घासता घेतो.

दक्षिण पुण्यातला हा प्रभाग. इथल्या एका नगरसेविकेचं जनसंपर्क कार्यालय तो सांभाळतो. लोक त्याला पीए म्हणतात. पगार महिना 16 हजार. गाडी स्वतःची, पेट्रोल ताईंचं.

सकाळी 7.00
चौकात चावीवाला भेटतो. खांद्यावर टी आकाराची लोखंडी चावी, जवळजवळ छातीइतकी उंच. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. तो आटे मोजतो. खालच्या सोसायट्यांना आधी पाणी मिळतं, चढावरच्या गल्ल्यांना मागून. चढावर आज नळ कोरडे आहेत.

"चार आटे वर दे की."
"देतो. मग खालून फोन आला तर तुम्ही घ्या."
"खालून कोण करणार?"
"तुमचेच दुसरे माननीय."

दोन आट्यांवर तडजोड होते. चहाचे पैसे पीए देतो.

सकाळी 8.20
एका गल्लीत चेंबर तुंबलंय. पाणी दोन घरांच्या उंबऱ्यापर्यंत आलंय. तक्रार करणाऱ्या काकांनी चौघांनाही फोन लावले. प्रभाग एक, नगरसेवक चार. पुण्यात असे 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक, कारण एका प्रभागात पाच जण. 2011 च्या जनगणनेवर आखलेल्या एका प्रभागात सरासरी 80-85 हजार माणसं. आपला नगरसेवक नक्की कोणता, हे काकांना ठाऊक नाही. त्यांनी कुणालाच सोडलं नाही.

दोन बिगारी येतात. एकाच्या हातात पहार, दुसऱ्याकडे बांबूच्या कामट्या. पहार घालून झाकण सरकवलं जातं. सुरक्षा साधनांशिवाय आत उतरायला कायद्याने बंदी आहे. जेटिंगची गाडी दुसरीकडे अडकली आहे. मग कामटीला कामटी बांधून लांबी वाढवायची आणि वरूनच रेटायची. पंधरा-वीस मिनिटं दोघं आळीपाळीने रेटतात. हातमोजे एकाकडेच आहेत. शेवटी गोधडीचा मोठा तुकडा आणि प्लास्टिकच्या पिशव्या वर येतात. पाणी गुडगुडत उतरतं.

पीए फोटो काढतो. बाकी तिघांची माणसंही काढतात. नऊच्या आत चारही नेत्यांच्या ग्रुपवर एकच चेंबर झळकतं आणि प्रत्येकाखाली "यांच्या पाठपुराव्याने" असतं. बिगारी एकाही फोटोत नाहीत. पीए त्यांना कोपऱ्यावर पोहे खाऊ घालतो. 120 रुपये.

सकाळी 10.00
कार्यालय म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. भाडं 14 हजार. सहा खुर्च्या, एक टेबल, मागे नेत्यांचे फोटो, ड्रॉवरमध्ये शिक्का. सगळ्यात जास्त काम या शिक्क्याला. आधारवरचा पत्ता बदलायचाय, नगरसेवकाची सही हवी. बँकेला रहिवासी दाखला हवाय. एका आजीला फक्त अर्ज लिहून हवा आहे.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. त्या जवळपास चार वर्षांत हा शिक्का ड्रॉवरमध्ये पडून होता. दाखल्यासाठी माणसं आमदाराकडे जायची. चेंबर तुंबलं की फोन मात्र इथेच यायचा. ताई 'माजी' होत्या, पण गाळा सोडला नव्हता. भाडं चालू होतं.

एक गृहस्थ दारातूनच विचारतात, "दादा आहेत का?" दादा म्हणजे ताईंचे मिस्टर.
"ताई आहेत. या ना."
"नाही, दादांशीच बोलायचं होतं."
ताई आतून म्हणतात, "पाण्याचं असेल तर मला सांगा. दुकानाचं असेल तर ते संध्याकाळी भेटतील."
गृहस्थ आत येऊन बसतात. पाण्याचंच होतं.

दुपारी 12.15
क्षेत्रीय कार्यालय. कनिष्ठ अभियंत्यांच्या टेबलावर फायलींची चळत. ते साइटवरून नुकतेच आलेत, बुटांना माती. पीए सकाळच्या चेंबरचा फोटो पुढे करतो. ते फोटोकडे बघतही नाहीत.

"गल्लीत सहा इंची लाइन आहे. टाकली तेव्हा बैठी घरं होती. आता चार-चार मजले झालेत. कामट्या किती वेळा घालणार?"
"मग?"
"लाइन बदला. एस्टिमेट करून ठेवलंय. 22 लाख."

22 लाख एकट्याच्या यादीत बसत नाहीत. प्रभागातल्या कामांसाठी अंदाजपत्रकात 'स' यादी असते. ताईंच्या वाट्यातून बाकडी, नामफलक आणि दोन गल्ल्यांचे पेव्हर ब्लॉक आधीच सुचवून झालेत. बाकड्यावर नाव लिहिता येतं. ड्रेनेजची लाइन जमिनीखाली जाते.

"चौघांनी मिळून पैसे टाकले तर होईल," अभियंते म्हणतात. "एकच पत्र, चार सह्या. मी वर पाठवतो."

दुपारी 1.30
झेरॉक्सच्या दुकानात पत्र टाइप होतं. एका पानाचे 20 रुपये, प्रती आणि आधीच्या अर्जांचे मिळून 48. डबा तो गाडीवर बसूनच खातो. मग पेट्रोल, 200 रुपयांचं. त्यात दोन लिटर येत नाही.

दुपारी 3.00
शिवाजीनगर, महापालिका भवन. आज मुख्य सभा. हे नवं सभागृह 2018 च्या जूनमध्ये खुलं झालं आणि उद्घाटनाच्या दिवशीच पावसाने छत गळलं. तो किस्सा पुण्यात अजून निघतो. ताई फाइल घेऊन आत जातात. त्यांनी ड्रेनेजवर लेखी प्रश्न दिलाय. भाषणाची चार वाक्यं रात्रीच आरशासमोर म्हणून झालीत. पीए वर प्रेक्षकांत बसतो.

सभा सुरू होते. श्रद्धांजलीचे प्रस्ताव वाचले जातात. सगळे उभे राहतात, दोन मिनिटं शांतता. मग एक जण सभा तहकूब करण्याची सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो. संपलं. घड्याळात 3.25. ताईंची चार वाक्यं फाइलमध्येच राहतात.

पण सभा सुटली की जिन्यात सगळे भेटतात. पीए पत्र आणि पेन पुढे करतो. प्रभागातले एक माननीय भिंतीला कागद टेकवून सही करतात. दुसरे वाचून बघतात. "गल्ली माझ्याही मतदारांची आहे," म्हणत तेही करतात. तिसरे दुसऱ्या पक्षाचे.

"काम चांगलंय. पण पत्र माझ्या लेटरहेडवर काढा."
"साहेब, लेटरहेड कुणाचंच नाही. कोरा कागद आहे."
"मग माझं नाव पहिलं हवं."

पीए कागदाची घडी खिशात घालतो.

संध्याकाळी 6.00
गाळा भरलेला. दादा आलेत, दुकानाच्या कामाचे दुसरेच एक गृहस्थ आत. बाहेर क्रिकेटच्या स्पर्धेची पोरं पावतीपुस्तक घेऊन उभी. 5,000 मागतात, 2,100 वर मिटतं. एक बाई पथदिव्याच्या खांबाचा नंबर लिहून घेऊन आली आहे. पीए तिला पहिली आत घेतो. खांबाचा नंबर असला की तक्रार लगेच नोंदवता येते. बहुतेक जण "आमच्या घरासमोरचा" एवढंच सांगतात.

रात्री 8.00
लग्नं दोन. पाकिटात 501, दोन्हीकडे. एका ठिकाणी हार न्यावा लागतो, 150. ताई स्टेजवर फोटोपुरत्या चढतात. उतरताना नवरीचे मामा गाठतात: चढावर पाणी येत नाही. मागून पीए हळूच सांगतो, "सकाळी दोन आटे वाढवलेत." ताई तेच मामांना सांगतात. मामांना आटे कळत नाहीत, पण मान हलवतात. जेवायला थांबायला वेळ नाही.

रात्री 10.15
दिवसाचा हिशोब वहीत. पेट्रोल 200. चहा 160. पोहे 120. झेरॉक्स 48. वर्गणी 2,100. आहेर 1,002. हार 150. बेरीज 3,780. ताईंचं मानधन महिना 20 हजार, म्हणजे दिवसाला 666. या वहीत फक्त खर्च लिहितात. जमेची वही दादांकडे असते.

मग तो पत्र बाहेर काढतो. घडीवर डाग पडलाय, नवीन काढावं लागणार. तिसऱ्यांची अट तो ताईंना सांगतो.

"पहिलं नाव त्यांना हवंय."
"बाकी दोघं चालवून घेतील?"
"नाही. मग त्यांनाही पहिलंच हवं."

ताई थोडा विचार करतात. "अकारविल्हे लाव. कुणाला बोलता येणार नाही."

पीए मनातल्या मनात नावं लावून बघतो. "ताई, त्यात आपण शेवटी येतो."

"येऊ दे. आणि सकाळी आधी त्यांच्याकडे जा, मग झेरॉक्सला."