गाडी किती देते?

आईबाबा पहिल्यांदा जर्मनीला आले ते २००८ साली. त्यांना आणायला मी नवीकोरी डिझेल गाडी घेऊन स्टुटगार्टहून फ्रँकफर्टच्या विमानतळावर गेलो होतो. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला हलकेच पाय लावून पाहिला आणि विचारलं, "किती देते?"

हा प्रश्न ज्याला कळला नाही तो मराठी माणूस नव्हे. आमच्याकडे बजाज चेतक होती. पेट्रोल संपलं की ती बाजूला कलती करायची, मग पुन्हा किक मारायची आणि कसंबसं पंपापर्यंत पोचायचं, हे आम्ही चालायला शिकलो तेव्हापासून पाहिलेलं. त्या घरात गाडीचा रंग दुय्यम. खरा प्रश्न ॲव्हरेजचा. मी ऐटीत म्हटलं, "बाबा, शंभराला साडेपाच."

बाबांचा चेहरा पडला. "साडेपाच? अरे, ट्रकसुद्धा यापेक्षा जास्त देत असेल!"

घरी पोचेपर्यंत मी त्यांना समजावत होतो की इथे 'एका लिटरमध्ये किती किलोमीटर' असं नाही, 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असं मोजतात. त्यामुळे आपल्याकडे आकडा जितका मोठा तितका चांगला, इथे जितका लहान तितका चांगला. शंभराला साडेपाच म्हणजे लिटरला अठरा. शंभराला त्या आकड्याने भागलं की झालं. तेव्हा कुठे बाबांना हायसं वाटलं.

या उलटसुलट मोजणीत एक गंमत दडलेली आहे आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली. समजा, आपल्या मंडळातल्या दोन कुटुंबांनी गाड्या बदलल्या. जोश्यांची जुनी मोठी गाडी लिटरला दहा द्यायची, नवी बारा देते. पाटलांची छोटी गाडी वीस द्यायची, नवी तीस देते. कोणाचं पेट्रोल जास्त वाचलं? आपण सगळे एका सुरात 'पाटलांचं' म्हणू. आता शंभर किलोमीटरचा हिशेब करा. जोशी दहा लिटरवरून ८.३३ वर आले, पाटील पाचवरून ३.३३ वर. दोघांचीही बचत १.६७ लिटर, अगदी सारखी! वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले तर दोघांचे अडीचशे-अडीचशे लिटर वाचले. लॅरिक आणि सोल या दोन अमेरिकन संशोधकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेमका हाच भ्रम दाखवून दिला होता. तात्पर्य, घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणारी बदलावी. तिच्यात झालेली थोडीशी सुधारणासुद्धा खिशाला जाणवते.

पाय आणि पेट्रोल

गाडी किती देते हे गाडीपेक्षा चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर जास्त अवलंबून असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ११० वरून १३० वर गेलं तर वेग वाढतो अठरा टक्के, पण हवेचा विरोध वाढतो सुमारे चाळीस टक्के. वेळेची बचत किती? दोनशे किलोमीटरच्या प्रवासात जेमतेम सतरा मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. आणि एवढा मोकळा ऑटोबान ज्याने पाहिला असेल त्याने मला जरूर कळवावं.

जर्मनीत ऑटोबानवर सरसकट वेगमर्यादा नाही. १३० चा वेग फक्त सुचवलेला आहे. पण इथेही एकदा वेळ आली होती. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने ऑटोबानवर ताशी १०० ची मर्यादा घातली आणि २५ नोव्हेंबरपासून ओळीने चार रविवार खाजगी मोटारींना रस्त्यावर बंदी केली. लोक ऑटोबानवरून पायी आणि सायकलने फिरले. आमच्या शेजारच्या आजी ती आठवण अजून सणासारखी सांगतात. मार्च १९७४ मध्ये मर्यादा उठली आणि मंडळी पुन्हा सुसाट सुटली.

स्वस्त पडलं, महागात गेलं

आता माझ्या चुकीकडे येतो. मी डिझेल का घेतली? कारण 'डिझेल जास्त देतं' हे बाळकडू. इथे पंपावरही डिझेल स्वस्त दिसतं, त्याचं कारण कर: पेट्रोलवर लिटरमागे ६५.४५ सेंट इंधनकर आहे, डिझेलवर ४७.०४. पण डिझेल गाडीचा वार्षिक मोटार कर पेट्रोल गाडीपेक्षा बराच जास्त असतो, हे मी पाहिलंच नाही. म्हणजे जो वर्षाला भरपूर अंतर कापतो त्यालाच डिझेल परवडतं. माझं फिरणं वर्षाला नऊ हजार किलोमीटर. ऑफिस, मुलीची शाळा आणि शनिवारची भाजी. अशा छोट्या फेऱ्यांत डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर पुरेसा तापत नाही, त्यातली काजळी जळत नाही आणि तो तुंबतो. माझा दोनदा तुंबला.

पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागनच्या डिझेल इंजिनांतली लबाडी अमेरिकेत उघडकीला आली. चाचणीच्या वेळी धूर स्वच्छ, रस्त्यावर घाण. फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने शहरांना डिझेलबंदी करता येईल असा निकाल दिला आणि १ जानेवारी २०१९ पासून स्टुटगार्टमध्ये युरो ४ व त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी झाली. आम्हा रहिवाशांना एप्रिलपर्यंत मुदत होती. माझ्या गाडीच्या काचेवर पर्यावरणाचा हिरवा बिल्ला दिमाखात लावलेला होता, पण गाडी युरो ४. म्हणजे बिल्ला हिरवा आणि गाडी बाद! मिळेल त्या किमतीला ती विकली. बाबांना फोनवर किंमत सांगताना मी दोन हजार युरो वाढवूनच सांगितली, हे इथे कबूल करतो.

मधला रस्ता

मग हायब्रिडचा विचार सुरू झाला. ही कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शने गेल्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इंजिन आणि विजेच्या मोटारी एकत्र जोडलेली गाडी केली होती. आउडीने १९९७ मध्ये 'डुओ' नावाची हायब्रिड विक्रीला काढली, पण गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली आणि तिने बाजी मारली.

साध्या हायब्रिडचं तत्त्व आपल्या काटकसरी आज्यांना लगेच पटलं असतं: उरलेलं टाकायचं नाही. एरवी ब्रेक दाबला की गाडीची गती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये मोटारच जनित्र होते आणि त्या गतीची वीज करून छोट्या बॅटरीत ठेवते. सिग्नल सुटला की तीच वीज गाडी पुढे ढकलते. म्हणूनच हायब्रिडचा खरा फायदा शहरातल्या थांबत थांबत चालणाऱ्या वाहतुकीत असतो. ऑटोबानवर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकच लागत नाही, मग साठवणार काय?

प्लग-इन हायब्रिड हे वेगळं प्रकरण. तिची बॅटरी मोठी आणि ती भिंतीवरून भरायची असते. रोज भरली तर ऑफिसला जाणं-येणं विजेवर होतं. नाही भरली तर जड बॅटरी वाहून नेणारी साधी पेट्रोल गाडी! कंपनीच्या गाडीच्या खाजगी वापरावर इथे दरमहा किमतीच्या एक टक्क्याइतकी रक्कम उत्पन्नात धरून कर लावतात. अटीत बसणाऱ्या प्लग-इनला २०१९ पासून अर्धाच. त्यामुळे अनेकांनी सवलतीसाठी गाडी घेतली आणि पेट्रोल कार्ड कंपनीचं असल्यामुळे प्लग कधी लावलाच नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तीन वर्षांनी गाडी परत केली तेव्हा चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी होती. हे त्यांच्या एकट्याचं नव्हे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष वापराची आकडेवारी प्रसिद्ध केली, त्यात प्लग-इन गाड्यांचा धूर कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये हा फरक वीस टक्क्यांच्या आसपास होता.

सोसायटीची मीटिंग, जर्मन आवृत्ती

शेवटी ठरवलं, घ्यायची तर पूर्ण विजेची. हिशेब असा होता. पेट्रोल गाडी शंभराला साडेसहा लिटर पिते आणि लिटरचा भाव पावणेदोन युरो धरला, तर शंभर किलोमीटरला ११ युरो ४० सेंट. विजेची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, १८ युनिट घेते. घरची वीज ३५ सेंटची धरली तर ६ युरो ३० सेंट. पण रस्त्यावरच्या जलद चार्जरला ६० सेंट मोजले तर १० युरो ८० सेंट, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ बरोबर! (भाव रोज हलतात, आपापले घालून पाहावेत.) थोडक्यात, विजेची गाडी स्वस्त पडते की नाही हे ती रात्री कुठे झोपते त्यावर ठरतं. ज्यांचं स्वतःचं घर आणि छतावर सोलर आहे त्यांची तर चांदीच.

आम्ही पडलो भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावर; गाडी तळघरातल्या गॅरेजमध्ये. १ डिसेंबर २०२० पासून इथल्या कायद्याने भाडेकरूला चार्जिंगची सोय बसवू देण्याची मागणी करता येते. घरमालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. खर्च मात्र आपला. मालकाचा फ्लॅट मोठ्या इमारतीत असेल तर त्याला पुन्हा सर्व फ्लॅटमालकांच्या सभेत विषय मांडावा लागतो. आणि ती सभा सहसा वर्षातून एकदाच होते.

आमच्या घरमालकांनी त्या सभेचं वर्णन केलं तेव्हा मला थेट पुण्याच्या आमच्या सोसायटीची आठवण झाली. एकाने आगीच्या बातमीचं कात्रण वाचून दाखवलं. दुसऱ्याने विचारलं, सगळ्यांनी एकदम चार्जिंग केलं तर लिफ्ट बंद पडेल का? तिसऱ्याचं म्हणणं, माझ्याकडे गाडीच नाही, मी पैसे का द्यावेत? पहिल्या वर्षी विषय पुढे ढकलला. दुसऱ्या वर्षी एक शहाणा तोडगा निघाला: मुख्य वायर एकदाच सगळ्यांसाठी ओढायची आणि हाताशी असलेली वीज चालू चार्जरमध्ये वाटून देणारी यंत्रणा बसवायची. रात्रभरात प्रत्येकाला पुरेसं मिळतं. मात्र या दोन वर्षांच्या खोळंब्यात १७ डिसेंबर २०२३ ला सरकारने विजेच्या गाड्यांवरचं अनुदान एकाएकी बंद केलं. आमचे काही हजार युरो असे गेले. म्हणून नव्या मंडळींना सांगणं एकच: आधी प्लग, मग गाडी.

थालीपीठ आणि थंडी

पहिल्याच हिवाळ्यात परीक्षा झाली. आईबाबा पुन्हा येणार होते. बाहेर उणे आठ. फ्रँकफर्ट विमानतळ जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. उन्हाळ्यात गाडी तेवढी आरामात जायची. पण थंडीत बॅटरी आखडते, आणि गाडी गरम ठेवायलाही तिचीच वीज लागते. इंजिनाची फुकट ऊब इथे नाही. परतीच्या वाटेवर आकडा भराभर उतरायला लागला तसा मी हीटर कमी केला. मागून आईचा आवाज आला, "अरे, ही गाडी आहे की फ्रीज?"

चार्जिंगला थांबलो. गार बॅटरी सावकाश भरते, आणि ऐंशी टक्क्यांनंतर तर फारच सावकाश. तीस मिनिटं लागली. आईने पिशवीतून डबा काढला आणि ऑटोबानच्या कडेला, बर्फात, आम्ही थालीपीठ खाल्लं. आता आम्ही शहाणे झालो आहोत. निघण्यापूर्वी प्लग लावलेला असतानाच गाडी तापवून घेतो, चार्जरची जागा गाडीच्या नकाशात आधी घालतो, म्हणजे ती बॅटरी वाटेतच गरम करून ठेवते, आणि थंडीत एक तृतीयांश अंतर मनातून वजा करतो.

बाबा मात्र हिरमुसले होते. त्यांना मी बर्था बेंझची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने केलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्टसहाइमला, म्हणजे चक्क माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. पेट्रोल पंप तर जगात कुठेच नव्हता. वाटेत वीसलोख गावात तिने औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेतलं आणि ते टाकीत ओतून पुढे गेली. गंमत म्हणजे त्याच १८८८ साली कोबुर्ग गावात आंद्रेआस फ्लोकेनने विजेवर चालणारी गाडीही केली होती. दोघी बहिणी एका वयाच्या. एकीला पंप मिळाले, दुसरीला प्लग मिळायला सव्वाशे वर्षं लागली.

बाबांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. १९७२ साली आलेली चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली, हे आपल्याला माहीत आहेच. शेजारच्या कुलकर्ण्यांनी ती घेतली होती आणि बाबा एक चक्कर मारून आले होते. आवाजात उत्साह होता. म्हणाले, "छान आहे रे, आवाजच नाही. आणि कलती करावी लागत नाही!"

मी विचारलं, "किती देते?"

"तू त्यांच्यासारखाच," बाबा म्हणाले, "आधी विचार, सोसायटीने प्लग दिलाय का!"