घोड्यासाठी गाव निवडताना

घोडा विकत घेणे सोपे आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला जावे, यात्रेत चार दिवस फिरावे, एखाद्या जाणत्याला बरोबर घेऊन दात आणि पाय पाहून घ्यावेत, की झाले. अवघड प्रश्न त्यानंतर येतो. याला ठेवायचे कुठे? शहरातली नोकरी संपवून किंवा अर्ध्यावर सोडून खेड्यात जमीन घ्यावी, दोन घोडी बाळगावीत, सकाळी फेरफटका करावा, असे मनात असलेली पुष्कळ मंडळी हल्ली भेटतात. इच्छा चांगली आहे. पण यातली बहुतेक मंडळी जागा पाहतात ती स्वतःच्या डोळ्यांनी. घोड्याच्या पायांनी कोणी पाहत नाही. हा लेख त्या पायांविषयी आहे.

मीही याच चुकीत सामील होतो, हे आधीच सांगून टाकतो. माझे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आणि मुळशीच्या पलीकडे, घाटमाथ्याच्या बाजूला त्यांनी जमीन पाहिली. पसंतीसाठी मला नेले. डिसेंबरचा महिना होता. डोंगरउतारावर सोनेरी गवत, खाली झुळझुळ वाहणारा ओढा, हवा अशी की दोन घास जास्त जावेत. मी म्हटले, "यापेक्षा घोड्यांना आणखी काय हवे?" मी इतिहास शिकवणारा माणूस, मराठ्यांच्या घोडदळावर वर्गात तासन् तास बोलणारा. त्यामुळे माझ्या शब्दाला त्यांनी उगाच वजन दिले. त्या जागेचे पुढे काय झाले ते ओघाने सांगतो.

पहिली गोष्ट पावसाची. महाराष्ट्रात पन्नास-पाऊणशे मैलांत पाऊस किती बदलतो, याची आपल्याला पुस्तकातून कल्पना असते. अंगाला ते ठाऊक नसते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुण्याला सातशेच्या आसपास, आणि बारामती-दौंडकडे जेमतेम पाचशे. सह्याद्रीचा माथा ढग अडवतो आणि पूर्वेकडचा प्रदेश पर्जन्यछायेत कोरडा राहतो. आपण या कोरड्या पट्ट्याला दुष्काळी म्हणून नाक मुरडतो. पण महाराष्ट्राची जी घोडी नावाजली ती तिथलीच, भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या काठची. तीच ती भीमथडी. हा काही योगायोग नव्हे.

घोड्याचे खूर म्हणजे आपल्या नखासारखाच पदार्थ, फक्त जाड. कोरड्या, कडक जमिनीवर ते घट्ट आणि टणक राहते. दिवसेंदिवस चिखलात राहिले की पाणी शोषून मऊ पडते, त्यातून खिळे ढिले होतात, नाल निसटतो. खुराच्या तळाशी त्रिकोणी, रबरासारखा एक भाग असतो. ओलीत आणि लीद-मुतात उभे राहून तो कुजू लागतो, काळसर घाण सुटते, आणि वास असा येतो की एकदा घेतला तर माणूस विसरत नाही. घोटे आणि नळीवरची कातडी फुटते, खपल्या धरतात. म्हैस चिखलात सुखाने बसते. घोडा हा मूळचा मोकळ्या, कोरड्या गवताळ प्रदेशातला प्राणी आहे. त्याला चार महिने चिखलात उभे केले तर त्याचा पायच जातो, आणि पाय गेला की घोडा गेला.

हे ज्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे ते आपले मेंढपाळ धनगर. बारामती-फलटणकडचे धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन घाट उतरतात, सारे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. तवे, भांडी, कोंबड्या, कधी एखादे लहान पोर. कोकणात ते राहतात किती? पाऊस लागण्यापूर्वी परत देशावर येईपर्यंत. म्हणजे कोकण घोड्याला मुळीच चालत नाही असे नाही. पावसाळ्यात चालत नाही. या घोड्यांना भीमथडी म्हणून देशी जातीची सरकारी नोंद मिळाली ती अगदी अलीकडे. नोंद नव्हती तेव्हाही ती याच वाटांनी जात-येत होती.

आता माझ्या विषयातला एक दाखला देतो, कारण याहून चांगला मला ठाऊक नाही. १६७३-७४ च्या सुमाराचे शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ पडली होती आणि तिथल्या अधिकाऱ्यांना ते लिहिले आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, एवढ्यासाठी आपण ते पत्र शाळेत शिकतो. पण घोडा बाळगणाऱ्याने ते पुन्हा वाचावे. महाराजांची खरी काळजी काय आहे? दाणा आणि वैरण पावसाळा संपेपर्यंत पुरली पाहिजे. आताच मनमानेल तशी चारून टाकलीत तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. पुढे दिव्याची गोष्ट येते. रात्री दिवा जळत ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताची गंजी पेटेल आणि सारी वैरण जाईल. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराचा विचार करतो आहे! ओल्या मुलखात पावसाळ्यात घोडे ठेवायचे म्हणजे सारा जीव कोरड्या गंजीत अडकलेला असतो, हे त्यांना पुरते माहीत होते.

आणि मुळशीला आमचे चुकले ते नेमके इथेच. स्नेह्यांनी काठेवाडी घोडी घेतली, तिला सोबत म्हणून एक तट्टू घेतले (घोडा कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवू नये, एवढे त्यांनी बरोबर केले). वैरणीसाठी पत्र्याची खोली बांधली आणि मे महिन्यात कडबा भरला. जमिनीवरच रचला. जूनपासून पत्र्याला आतून घाम सुटू लागला. कडब्याच्या खालच्या पेंढ्यांना बुरशी धरली. वरून तो बरा दिसे. २०१९ चा जुलै संपता संपता जो पाऊस लागला तो तुम्हालाही आठवत असेल. एका संध्याकाळी घोडीने दाणा सोडला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मान वळवून सारखी कुशीकडे पाहू लागली. पोटशूळ.

घोड्याला वांती होत नाही. त्याची अन्ननलिका पोटाला जिथे मिळते तिथले स्नायू इतके घट्ट असतात की आत गेलेले वर येत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर मात्र फक्त दहा-पंधरा लिटरचे. म्हणून तो दिवसाचे चौदा-पंधरा तास थोडे थोडे खात असतो, आणि म्हणूनच खराब वैरण त्याला गाईपेक्षा कितीतरी जास्त बाधते. बुरशीचा कडबा बैलाला एखादे वेळी पचेल. घोड्याच्या जिवावर बेतू शकते. पशुवैद्य फोनवर सारे सांगत होते, निघालेही होते. पण डिसेंबरात जो ओढा झुळझुळत होता तो त्या रात्री रस्त्यावरून छातीभर वाहत होता. डॉक्टर अलीकडे, घोडी पलीकडे. स्नेही कंदील घेऊन तिला पहाटेपर्यंत फिरवत राहिले. उजाडण्यापूर्वी ती गेली.

तेव्हा जागा पाहायची ती आषाढात. हिवाळ्यात सारा महाराष्ट्र सुंदर दिसतो, त्यावर जाऊ नका. तीन दिवस झड लागलेली असताना गाडीने शेवटच्या डांबरी रस्त्यापासून जमिनीपर्यंत जाता येते का, ते पाहा. तुम्हाला नव्हे, डॉक्टरांच्या गाडीला. मग बूट काढा आणि अनवाणी चाला. काळी जमीन असेल तर पाऊल घोट्यापर्यंत जाईल; हीच जमीन एप्रिलात भेगाळते आणि त्या भेगांत घोड्याचा पाय अडकतो. पिकाला काळी उत्तम, घोड्याला नव्हे. त्याला हवा मुरमाड, जरा उताराचा माळ. हातभर खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता आणि वाट पाहा. थोड्या वेळात पाणी जिरले तर ठीक. तासाभराने तसेच उभे असेल तर मालकाला नमस्कार करून परत या. गंमत अशी की शेतकरी ज्याला हलकी जमीन म्हणून कमी भावात देतो तीच आपल्या कामाची असते.

पण निव्वळ माळ घेऊन भागत नाही, कारण उन्हाळा असतो. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते, उन्हात काम असेल तर याहून बरेच अधिक. म्हणून दुसरी फेरी मे महिन्यात करावी आणि विहिरीत डोकावून पाहावे. विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्यावर तुमचा हिस्सा लिहिलेला आहे का, तेही. शिवाय शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्यापासून हे बंधन आहे. तेव्हा वकिलाला आधी विचारा, बयाणा नंतर द्या. गावच्या गायरानावर चराई करू असा हिशेब मात्र मांडू नका. ते गावच्या गुरांचे आहे, आणि नव्या माणसाने पहिल्याच वर्षी तिथे घोडी सोडली तर जे ऐकावे लागेल ते रास्तच असेल.

वैरणीचा हिशेब सोपा आहे. मध्यम बांध्याच्या, चारशे किलोच्या घोड्याला रोज आठेक किलो कोरडी वैरण धरा. वर्षाला एका घोड्यामागे तीन टन होतात. हा कडबा जिथे शाळू पिकतो तिथून आला पाहिजे. लांबून ट्रकने आणलेला कडबा घोड्यापेक्षा महाग पडतो. पुरंदर, शिरूर, इंदापूर, सोलापूरकडे ज्वारी अजून आहे, पण कालवा पोचला की तिची जागा ऊस घेतो. हिरवागार ऊस पाहून फसू नका. वाढे गुरांना चालते. त्यातल्या आम्लामुळे अंगातला चुना बांधला जातो, म्हणून घोड्याला ते मुख्य वैरण म्हणून घालू नये. माळावर गवत कुठले आहे तेही विचारा. मारवेल, हरळी असेल तर नशीब. कुसळी गवत पावसाळ्याअखेर पिकले की त्याची कुसळे घोड्याच्या ओठांत आणि हिरड्यांत रुततात. कुंपणाला शोभेची कण्हेर असेल तर ती पहिल्या दिवशी मुळासकट उपटा. एरंडही ठेवू नका. ही दोन्ही घोड्याला विषारी आहेत. काटेरी तारही नको. बुजलेला घोडा ती पाहत नाही.

आणखी एक शत्रू पाणथळ जागेत राहतो. मोठी घोडमाशी चावते तेव्हा रक्ताबरोबर सर्रा नावाच्या तापाचे जंतूही एका जनावरातून दुसऱ्यात नेते. १८८० साली ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात हे जंतू प्रथम पाहिले. गाई-म्हशींत ते पुष्कळदा फारसे लक्षण न दाखवता राहतात, घोड्याला मात्र झिजवून मारतात. म्हणून दलदल, तळ्याचा काठ आणि म्हशींचा मोठा गोठा यांपासून पागा जितकी दूर तितकी बरी.

आता माणसे. यावर मी थोडा अधिक बोलणार आहे, कारण जमिनीच्या जाहिरातीत ती नसतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापायला नालबंद लागतो. बैलांना पत्री मारणारा पुष्कळ गावांत सापडतो. घोड्याचा नाल बसवणारा क्वचित. खिळा चारआणे जाडीइतका आत गेला तरी घोडा लंगडतो. तेव्हा ज्या तालुक्यात अजून घोडी आहेत तिथेच जावे. ती कुठे आहेत? धनगरवाडीत आहेत, वरातीच्या घोडेवाल्याकडे आहेत. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरच्या बाजूला बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते. २०२१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना परवानगी दिल्यापासून तिथे पुन्हा घोडी दिसतात. पुण्याच्या आसपास शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारी मोठी कुरणे आहेत. पूनावालांचे तर १९४६ पासूनचे. त्यामुळे घोड्याचे जाणकार डॉक्टर या बाजूला मिळतात. साताऱ्याकडे जाताना शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेही ध्यानात ठेवावे.

गावात गेल्यावर पहिला प्रश्न जमिनीच्या भावाचा विचारू नका. पारावर बसा आणि विचारा, "इथे कोणाकडे घोडी होती का हो? तिला बांधत कुठे होते?" एखादा म्हातारा हात वर करून जागा दाखवील. ती जागा बहुधा गावातल्या चांगल्या जमिनीवर नसते. उंचवट्यावर, वारा लागेल अशा ठिकाणी असते. माझ्या स्नेह्यांना दुसरी जागा अशीच सापडली. पुरंदरात, सासवडच्या पुढे. त्यांच्याजवळ ते तट्टू तेवढे राहिले होते.

ती जागा दाखवायला त्यांनी मला बोलावले ते श्रावणात, छत्री घेऊन. बरोबर कुदळ होती, पाण्याचा डबा होता. त्यांनी स्वतः खड्डा खणला, पाणी ओतले आणि घड्याळ पाहत बसले. मला विचारले, "काय वाटते?" मी म्हटले, "मी काही बोलत नाही. पाणी काय म्हणते ते पाहा." वीस मिनिटांत खड्डा रिकामा झाला. मग ते उठून रस्त्याकडे चालू लागले. वाटेत ओढा कुठे आडवा येतो का, ते त्यांना मोजायचे होते.