निरक्षरांनी केलेले ज्ञानदान

विद्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. हे दान करावयाचे ते शिकलेल्याने व घ्यावयाचे ते न शिकलेल्याने, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. या समजुतीस बाध आणणारी एक हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मनुष्य वाचावयास शिकतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय पालट होतो, हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे. लेखनकला अवघी पाचसहा हजार वर्षांची. तेवढ्या अवधीत वाचनाकरिता मेंदूत निराळा भाग निर्माण होणे शक्य नाही. अर्थात जुन्याच भागांकडून हे नवे काम करवून घेतले जात असले पाहिजे. ते कसे, हे लहान मुलांवरून ठरविणे कठीण; कारण मुलाचा मेंदू वाढतच असतो, आणि कोणता पालट वाचनाने झाला व कोणता वयाने, हे निवडता येत नाही. तुम्हीआम्ही तर या कामी अगदीच निरुपयोगी. एकदा वाचता येऊ लागले की पुन्हा निरक्षर होणे कोणाच्याही हाती राहत नाही.

हे साह्य केले ते लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांनी. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. वये तिशीच्या आसपासची, भाषा हिंदी आणि लिपी आपलीच देवनागरी. त्यांस सहा महिने लिहावाचावयास शिकविण्यात आले व शिकवणीच्या आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. जर्मनी व नेदरलंड्स येथील माक्स प्लांक संस्था आणि लखनौ व हैदराबाद येथील संशोधक यांचे हे संयुक्त कार्य २०१७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत या स्त्रियांचे वाचन साधारण पहिल्या इयत्तेतील मुलाइतके झाले. परंतु पालट केवळ मेंदूच्या बाह्य आवरणात झाला नव्हता. मेंदूच्या तळाशी जे अतिप्राचीन भाग आहेत, त्यांचे कार्य दृष्टीच्या केंद्राशी अधिक जुळून चालू लागले होते. आणि ज्यांच्यात हा मेळ अधिक, त्यांचे वाचनही अधिक चांगले होते. तिशी उलटल्यावर काय शिकणार, असे म्हणणाऱ्यांस याहून चांगले उत्तर आम्हांस तरी ठाऊक नाही.

ज्या यंत्रात या स्त्रिया निजल्या, त्या एम. आर. आय. यंत्रात क्ष-किरण नसतात. तो एक प्रचंड लोहचुंबक असतो. संशोधनात सामान्यतः वापरण्यात येणाऱ्या ३ टेस्ला शक्तीच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ५०,००० पटींहूनही अधिक असते. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायूयुक्त रक्त व प्राणवायू खर्च झालेले रक्त यांचे चुंबकीय गुण भिन्न असल्यामुळे हा फरक यंत्रास टिपता येतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने ही गोष्ट १९९० साली दाखवून दिली.

प्रयोगास येणाऱ्या मनुष्याने अरुंद पोकळीत उताणे निजावयाचे व डोके हलवावयाचे नाही. ठोकल्यासारखा मोठा आवाज होत असतो, म्हणून कानांत बोळे घालतात. धातूची प्रत्येक वस्तू बाहेर ठेवावी लागते. त्यात मंगळसूत्र, जोडवी व नथही आली. सौभाग्यालंकार उतरविणे ही पुष्कळ स्त्रियांस साधी गोष्ट वाटत नाही. ती आधी आदरपूर्वक समजावून सांगणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

वर्तनविषयक प्रयोगांत तर बहुधा एवढाही त्रास नसतो. शब्द लक्षात ठेवणे, चेहरे ओळखणे, प्रश्नांची उत्तरे देणे, इतकेच काम. तरीही अशा प्रयोगांत आपली माणसे थोडीच दिसतात. मानसशास्त्रातील प्रमुख नियतकालिकांत ज्यांच्यावरील प्रयोग प्रसिद्ध होतात, त्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोक जगाच्या अवघ्या १२ टक्के लोकसंख्येच्या पाश्चात्त्य देशांतील असतात, याकडे हेनरिक, हाइन व नोरेन्झायन यांनी २०१० साली लक्ष वेधले. मनुष्यस्वभाव म्हणून जे ग्रंथांत छापले जाते, त्यात आपला स्वभाव कितपत आला असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

म्हणून आमचे सांगणे असे की, एखाद्या विद्यापीठाने अथवा संशोधनसंस्थेने स्वयंसेवक मागविले असता सुशिक्षित कुटुंबांनी मागे राहू नये. मात्र डोळे मिटूनही जाऊ नये. प्रयोगास नीतिसमितीची मान्यता आहे काय, आपले नाव गुप्त राहील काय, चित्रात काही दोष आढळल्यास कळविणार काय, हे आधी विचारावे. संशोधनासाठी केलेले चित्रण म्हणजे वैद्याची तपासणी नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. प्रयोग मध्येच सोडून देण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि त्यासाठी कारण सांगण्याचीही गरज नाही.

ज्यास वाचता येत नाही त्याने संमतिपत्रावर अंगठा उठवावा तो कशाच्या भरवशावर? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार अशा वेळी एक निःपक्षपाती साक्षर साक्षीदार हजर असावा लागतो. उद्या हे काम आपल्यापैकी कोणावरही येईल. तेव्हा घाईने सही करून मोकळे होऊ नये. कागदावरील प्रत्येक ओळ त्या बाईस तिच्या भाषेत समजली काय, आणि ‘नको’ म्हणावयास ती खरोखर मोकळी आहे काय, हे पाहूनच आपले नाव लिहावे. जिच्यापाशी विद्या नव्हती तिने विद्येस एवढे दिले; आपल्यापाशी विद्या आहे, तिचा एवढा तरी उपयोग व्हावा.