मीटर कुठे लावायचा?

साताऱ्याच्या माणसाला पुराची भाषा समजत नाही. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले आमचे गाव. पाऊस पडला की पाणी वाहून जाते, पुढे त्याचे काय होते याची चौकशी आम्ही करीत नाही. सांगलीच्या कॉलेजात आलो, गावभागात जुने घर विकत घेतले, तेव्हा ती चौकशी करणे भाग पडले.

घर आमचे पहिलेच. सौभाग्यवतींनी पंख्यांच्या आणि मिक्सरच्या जागा कागदावर काढून ठेवल्या होत्या. वायरमनने तो कागद घडी करून खिशात घातला आणि विचारले, "सर, पंखे मागनं बघू. २०१९ला पाणी कुठवर आल्तं?"

त्याने दाराजवळच्या भिंतीवर बोट ठेवले. गिलाव्यावर ओलीची पुसट रेघ होती. मीटर त्या रेघेच्या हातभर खाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती. २००५ आणि २०२१ चे पूरही इथल्या लोकांना तोंडपाठ आहेत. गंमत पाहा, ज्या कोयनेच्या विजेने १९६२ पासून महाराष्ट्राची घरे उजळली, ती नदी आमच्याच जिल्ह्यातली. विजेसाठी वळवलेले तिचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीला उतरते आणि वाशिष्ठीला मिळते. पण धरण भरल्यावर दरवाज्यांतून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत येते आणि तिथून सांगलीच्या दाराशी. सारा दोष कोयनेच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. मधल्या मुलखातला पाऊस आहेच, शिवाय खाली हरिपूरला वारणा मिळते. तीही फुगली की कृष्णेला पुढे सरकायला वाट उरत नाही.

मीटर वर न्यायचा तर अर्ज हवा. आपल्या मनाने हलवता येत नाही. त्यातच तो अजून मूळ मालकाच्या नावावर. इथे वाचकांना एक सांगून ठेवतो. खरेदीखत होण्याआधी विजेचे शेवटचे बिल मागून घ्यावे. थकबाकी घराबरोबर येते. वारस नसलेल्या नव्या मालकाकडून कमाल सहा महिन्यांची बाकी वसूल होऊ शकते, असा महाराष्ट्रात नियम आहे. आमच्या घरावर सुदैवाने काही नव्हते. नव्याने जोडणी घेणाऱ्यांची वाट तर आता पुष्कळ सुकर आहे. मालकीचा पुरावा आणि परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी-अहवाल जोडून अर्ज द्यायचा, कोटेशनचे पैसे भरायचे. २०२४ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे महानगरे सोडून इतर शहरी हद्दीत सात दिवसांत जोडणी मिळायला हवी. (लोक अजून 'बोर्डात जाऊन येतो' म्हणतात; मंडळाचे विभाजन होऊन 'महावितरण' झाले ते २००५ साली!)

खरी अडचण जागेची. रीडिंग घेणाऱ्याचा हात पोहोचला पाहिजे आणि कृष्णेचा पोहोचता कामा नये. शेवटी जिन्याच्या मधल्या टप्प्यावरची भिंत ठरली. वायरमनने खालच्या आणि वरच्या मजल्याच्या लाइनी वेगळ्या केल्या, दोघींना स्वतंत्र एमसीबी दिले, खालचे सॉकेट छातीइतके वर घेतले. पुरात वीज कंपनी पुरवठा बंदच ठेवते, हे खरे; पण पाणी ओसरल्यावर भिजलेले वायरिंग मेगरने तपासल्याशिवाय बटण दाबणे जिवावरचे असते. खालची लाइन तोडून ठेवली की वरच्या खोल्यांत निदान दिवा लागेल, एवढाच त्याचा हिशेब.

पंख्यांचा कागद त्याने मग खिशातून काढला. मिक्सरची जागा मात्र त्याला अजिबात पसंत पडली नाही.