आम्लात तग धरणारा जंतू

दादरची झणझणीत मिसळ खाल्ल्यावर पोटात जळजळ झाली, की आळ तिखटावर येतो. जळजळीमागे अल्सर असेल, तर त्याच्या मुळाशी मात्र अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नागमोडी जंतू असतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला होता!

आम्लात तो टिकतो कसा? युरियापासून अमोनिया बनवून. मुसळधार पावसात छत्री धरावी, तसं अमोनियाचं कवच आम्लाला त्याच्यापासून दूर ठेवतं. मग शेपट्या फिरवत तो जठराच्या चिकट अस्तरात शिरतो. उपचार झाले नाहीत, तर मुक्काम बहुधा आयुष्यभराचा.

लागण होते ती बहुधा बालपणीच. मुंबईत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या रक्ततपासणीच्या अभ्यासात पाच ते नऊ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत तिच्या खुणा आढळल्या. दहा ते एकोणीस वयोगटात तर ८० टक्क्यांहून अधिक जणांत.

गिरगाव-लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा: एकाच अंथरुणावर भावंडं, बाहेर सामाईक संडास. दाटीवाटी आणि दूषित पाणी, हेच मोठे धोके. यात कुटुंबाचा दोष नाही, जागाच तेवढी.

बहुतेकांना त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो, फार थोड्यांना जठराचा कॅन्सर. निदान श्वासाच्या तपासणीनेही होतं.