रात्री साडेदहाचे प्रेक्षक

22 फेब्रुवारी 2016 रोजी ‘झी मराठी’ वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, आणि कुडाळ तालुक्यातील आकेरी हे गाव, जे तोवर मुख्यत्वे रामेश्वराच्या देवालयासाठी ओळखले जात असे, ते अवघ्या महाराष्ट्राच्या नजरेत आले. इतके की जेथे चित्रीकरण चालले होते तो वाडा ‘नाईकांचा वाडा’ म्हणून पाहावयास लांबलांबचे लोक वाट विचारीत येऊ लागले. मालिकेची कथा, तिची भुते, तिच्यातील खून यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु रोज रात्री साडेदहाच्या सुमारास ती मालिका पाहता पाहता सिंधुदुर्गातील घराघरांतून जे उद्गार निघत होते, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात झालेली नाही. आणि माझ्या मते नाट्यसमीक्षेचा एक अस्सल, जिवंत प्रकार त्या उद्गारांतच होता.

मालवणाकडील घरात मालिका मुकाट्याने पाहण्याची रीत नाही. ओटीवर कोणी पाय पसरून बसलेले, कोणी फाटलेल्या जाळ्याचा तुकडा मांडीवर घेऊन सुई चालवीत असलेले, कोणी उद्याच्या भाजीच्या शेंगा निशीत असलेले, आणि पडद्यावर नाईक घराण्याचा कर्ता अण्णा दिसू लागताच त्याच्या बायकोचा कैवार घेत सर्वांच्या मुखी शब्द: “माई सगळा सोसता म्हणान ह्यो माजलो.” नाईकांच्या सुनेने, सरितेने, पदर खोचला की “आता ही तोंड उघडतली बघ”, आणि विसराळू गडी पांडू याने ‘इसारलंय’ म्हणावयाच्या आधीच घरातील पोराने ते म्हणून टाकावे. वरवर पाहता ही नुसती बडबड; पण नीट ऐकले तर पहिल्या वाक्यात अण्णाच्या उन्मत्तपणाचे कारण माईच्या सहनशीलतेत शोधलेले आहे, दुसऱ्यात नटीच्या एका हालचालीवरून पुढील प्रसंगाचे अनुमान केलेले आहे. पांडूचे काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखनातही होते; आपण लिहिलेला शब्द पोरांनी असा तोंडातून हिसकावून घ्यावा, याहून मोठी पावती लेखकाला कोणती मिळणार?

ही सवय दूरदर्शन संचाने लावलेली नाही. ती दशावताराने लावलेली आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर जो खेळ उभा राहतो, त्याला लिखित संहिता नसते; आख्यान कोणते ते ठरते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे ते ठरते, आणि मग पखवाज, पेटी व झांज यांच्या साथीने नट स्वतःचे संवाद जागच्या जागी रचीत जातो. रंगमंचावरील एका बाकड्याचे सिंहासन होते, त्याचीच शिळा होते. अशा खेळात प्रेक्षकाचा उद्गार केवळ दाद नसतो, तो खेळाचा घटकच असतो. राजाचे भाषण लांबले की समोरची कुजबुज नटाच्या कानी पडते आणि तो ते आवरते घेतो. पुरुषनटाने रंगविलेल्या स्त्रीच्या विलापाने बायकांनी डोळ्यांना पदर लावला, तर तो विलाप आणखी चार वाक्ये चालतो. पहाटेपर्यंत जागून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नटाशी असा व्यवहार केला, त्यांनी पडद्यासमोर मौन धारण करावे, ही अपेक्षाच अयोग्य होय.

मात्र येथे एक अडचण उभी राहते. पडद्यावरील अण्णाला ओटीवरचा शब्द ऐकू येत नाही. वाहिनीला ऐकू येतो तो दर आठवड्याचा प्रेक्षकसंख्येचा गुणांक. नमुन्यादाखल निवडलेल्या काही घरांतील संचांना जोडलेल्या यंत्रांवरून कोणती वाहिनी कोणी किती वेळ पाहिली, एवढाच हिशेब त्यात येतो. संच चालू ठेवून मनुष्य रडला की रागावला, त्याने माईची बाजू घेतली की अण्णाची प्रेयसी शेवंता हिची, याला त्या हिशेबात रकाना नाही. सबब, ज्या उद्गाराने दशावताराचा नट घडत गेला, तोच उद्गार मालिकेपर्यंत पोहोचता पोहोचता एका आकड्यात रूपांतरित होतो. आकेरीत निदान असे झाले की जेथे मालिका घडत होती त्याच मुलखात ती पाहिलीही जात होती, आणि वाडा पाहावयास येणारा माणूस नटांच्या कानावर आपला अभिप्राय घालू शकत होता.

या अभिप्रायांत सर्वांत कडक परीक्षा भाषेची होती. जे मालवणी संवाद मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला सुबोध व्हावेत म्हणून सौम्य केलेले होते, ते ऐकून येथील म्हातारी ताडकन म्हणे, “असा आमच्याकडे कोण बोलणा नाय.” तिचा आक्षेप खरा होता, आणि तरीही तो संपूर्ण न्याय्य नव्हता, कारण देवगडची बोली, मालवणची बोली आणि बांद्याची बोली यांत स्वतः तिलाच अंतर जाणवत असे. 1980 साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग करून मालवणीला मराठी नाटकात मानाचे पान मिळवून दिले. ज्यांनी ती मालवणी ऐकली होती ते प्रेक्षक कमी प्रतीवर समाधान मानणार नव्हते. याखेरीज, मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते व कोकणाची बदनामी करते, अशी हरकतही घेतली गेली. ती हरकत मी क्षुल्लक मानीत नाही. ज्या घरात रात्री मालिका पाहून मुले अंगणात जाण्यास भिऊ लागली, तेथील आईची तक्रार ऐकून घेतलीच पाहिजे.

मालिकेच्या पहिल्या पर्वात अण्णा आरंभीच मरण पावलेला होता. 14 जानेवारी 2019 पासून दाखविलेल्या दुसऱ्या पर्वात, ज्यात त्याआधीची कथा होती, माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता सगुण उभी राहिली, आणि प्रेक्षकांच्या बोलण्याचा रोखच बदलला. शेवंता घर मोडणारी, म्हणजे रीतीप्रमाणे शिव्या खाणारी बाई. परंतु तिच्या वाट्याला आलेली फसवणूक जसजशी उलगडत गेली, तसतशी तिच्याविषयीची वाक्ये अर्ध्यावर थांबू लागली, माईची कैवारी असलेली बाईदेखील “पण तिचा तरी काय चुकला?” असे म्हणून गप्प होई. एरवी नीतीच्या प्रश्नावर घरात इतक्या खुलेपणाने बोलण्याची संधी स्त्रियांना सहसा मिळत नाही. पुढे तिसऱ्या पर्वात ती भूमिका मध्येच कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली, तेव्हा “ही ती शेवंता नाय” हा निकाल पहिल्याच दिवशी लागला. नवी नटी वाईट म्हणून नव्हे. चालण्याची ढब, मान वळविण्याचा वेळ, हे सारे प्रेक्षकांनी मनात मोजून ठेवलेले होते म्हणून.

सकाळी किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढताना, दोन्ही बाजूंचे दोर खांद्याला लावून माणसे हळूहळू मागे सरकत असतात. रात्री वीज गेल्यामुळे कोणाचा भाग हुकला असेल तर त्याला तो तेथे सांगितला जातो, आणि सांगणारा अण्णाचा खर्ज काढून, माईचा कापरा स्वर काढून सांगतो, न आवडलेला प्रसंग गाळतो, आवडलेला वाढवितो. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थांनी पुस्तके जतन केली; हे बोलणे मात्र कोणी जतन केलेले नाही. त्यांनी किंवा एखाद्या महाविद्यालयाने आता गावोगाव जाऊन या मालिकेच्या प्रेक्षकांच्या जबान्या त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, ज्यांनी दशावतारही पाहिला आहे अशा वृद्धांपासून आरंभ करावा, आणि त्यांना अगोदर हे विचारावे की कोणत्या प्रसंगाला त्यांनी संच बंद केला.