सोलापूरचा संघ, सामने गहुंजेला: मग चाहते जोडले जातात कसे?

5 मार्च 2023. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगचा सामना सुरू होता. यूपी वॉरियर्सच्या किरण नवगिरेने गुजरात जायंट्सविरुद्ध 43 चेंडूंत 53 धावा केल्या. पण सोशल मीडियावर व्हायरल झाली ती तिची बॅट. एरवी जिथे स्पॉन्सर कंपनीचं स्टिकर असतं, तिथे तिने हाताने लिहिलं होतं, ‘एमएसडी 07’.

किरण सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातली, मिरे गावची. एप्रिल 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध 76 चेंडूंत 162 धावा कुटल्या होत्या. टी-20 मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय ठरली, पुरुष खेळाडू धरूनही. तरी अनेकांना तिचं नाव कळलं ते त्या 53 धावांच्या दिवशी.

असं का झालं?

महिलांच्या देशांतर्गत स्पर्धांतले बहुतेक सामने टीव्हीवर दिसतच नाहीत. व्हिडिओ नाही, म्हणजे शेअर करायला काही नाही. महिला प्रीमियर लीगमध्ये मात्र कॅमेरे होते, आणि बॅटवरची ती अक्षरं समजावून सांगायची गरज नव्हती. महिला क्रिकेट कधीच न पाहणाऱ्या धोनीच्या चाहत्यालाही ती आपली वाटली. त्यात एक कडू सत्यही होतं. भारताकडून खेळलेल्या फलंदाजाच्या बॅटवर स्पॉन्सरची जागा रिकामी होती.

संघ मॅचचे व्हिडिओ सर्रास का टाकत नाहीत?

मोठ्या लीगमध्ये सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क प्रसारण कंपनीने मोजून पैसे देऊन घेतलेले असतात. त्यामुळे संघाला चौकार-षटकारांच्या क्लिप मनाला येईल तशा टाकता येत नाहीत. मग संघाचे कॅमेरे वळतात सराव, बसचा प्रवास, जेवणाचं टेबल आणि ड्रेसिंग रूमकडे. ही ‘पडद्यामागची’ रील आपल्याला सहज वाटते, पण ती बनवायला वेगळी टीम असते.

सामना सुरू असताना खेळाडूकडे मोबाइल नसतो. फिक्सिंग रोखण्यासाठीच्या नियमांनुसार तो आधीच जमा करावा लागतो. त्यामुळे मॅच चालू असताना खेळाडूच्या अकाउंटवर पोस्ट दिसली, तर ती दुसऱ्या कुणीतरी टाकलेली किंवा आधीच वेळ लावून ठेवलेली असते.

सोलापूरसाठी हे महत्त्वाचं का?

जून 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा सहा संघांत सोलापूर रॉयल्सही होता. पण पहिल्या हंगामाचे सगळे सामने पुण्याजवळ गहुंजेला झाले, सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरहून लांब. संध्याकाळची मॅच बघून रात्री घरी परतणं कुणाला जमणार? घरचं मैदान नसलेल्या संघासाठी मोबाइलची स्क्रीन हीच गॅलरी.

इथे आणखी एक पेच आहे. त्याच हंगामात सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने 54 चेंडूंत 117 धावा केल्या. त्यात तब्बल 13 षटकार होते. वर त्याने चार बळीही घेतले. पण तो खेळत होता ईगल नाशिक टायटन्सकडून! मग सोलापूरकरांनी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? संघाला नाव जिल्ह्याचं, पण खेळाडू लिलावातून येतात. म्हणून अनेक चाहते संघापेक्षा खेळाडूला फॉलो करतात. संघ बदलला तरी ते त्याच्यासोबत राहतात.

मग व्हायरल होणं पुरेसं आहे का?

व्हायरल झाल्याने ओळख मिळते. स्पॉन्सर खेळाडूचा खेळ पाहतात, तसे त्याचे फॉलोअर्सही मोजतात. पण ही ओळख टिकवायला धावाच लागतात. डिसेंबर 2023 मध्ये लखनौ सुपर जायंट्सने अर्शिनला 20 लाखांना घेतलं, ते त्याच्या खेळासाठी. ऑक्टोबर 2025 मध्ये किरणने महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध 34 चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-20 मधलं ते सर्वांत वेगवान शतक ठरलं.

चाहत्याच्या हातातही थोडं काही असतं. लीगचे दोन-तीन आठवडे सगळेच स्टोरी टाकतात. पण उरलेल्या वर्षात आपल्या तालुक्यातली पोरगी कुठेतरी देशांतर्गत सामना खेळत असते. तिचा स्कोअर शोधून शेअर करणारे वाढले, तर बॅटवरची रिकामी जागा स्पॉन्सरच्याही नजरेत येईल.